नवागताची जागा

माळव्यात माचाचा खेळ करावयाचे ठरले, म्हणजे प्रत्यक्ष खेळाच्या काही दिवस आधी नियोजित जागी गुरूच्या हस्ते एक खांब रोवण्याची रीत आहे. खांबाला आंब्याची पाने बांधतात, त्याची पूजा होते, ढोलक वाजतो, आणि मोहल्ल्यातील लहानथोरांस कळून चुकते की, आता येथे खेळ व्हावयाचा आहे. होळी व तिच्यामागून येणारे दिवस हा या खेळांचा परंपरागत काळ. उज्जैनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ‘माच’ हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील ‘माचा’, गडावरची ‘माची’, शेतातले ‘मचाण’ आणि हा ‘माच’ ही सारी संस्कृतातील ‘मञ्च’ या एकाच शब्दाची लेकरे होत. परंतु व्युत्पत्ती हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे, आणि तो या खांबापाशी उभे राहूनच विचारावासा वाटतो. जी मंडळी वर्षानुवर्षे एकत्र सोंगे घेत आली आहेत, ज्यांचे सूर एकमेकांशी जुळून गेले आहेत, एकाने अर्धे टाकलेले वाक्य दुसरा न सांगता पुरे करतो, अशा मंडळीत एखादा नवखा मनुष्य येतो, तेव्हा त्याला आत घ्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे?

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. कवितेच्या प्रांतात तो फारसा बिकट नाहीच. नव्या कवीने वाईट कविता लिहिली, म्हणून जुन्या कवीची चांगली कविता बिघडत नाही. सोंगाचे तसे नाही. एकाचा राम दुसऱ्याच्या रावणावर उभा असतो. रावण अडखळला की रामाचा आवेश पोकळ दिसू लागतो, आणि प्रेक्षक दोघांनाही हसतात. म्हणूनच जुन्या नटमंडळींना नवख्याविषयी वाटणारी धास्ती मी केवळ अहंकार मानीत नाही; तिला व्यवहाराचा आधार आहे. परंतु ही धास्ती वाढू दिली तर काय होते, तेही उज्जैनमध्ये राहून दिसते. येथील माचाचे ज्येष्ठ कलावंत ओमप्रकाश शर्मा यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. सुमारे सात दशके त्यांनी या कलेस वाहिली आहेत. सन्मान यथार्थच होता. पण सन्मान एका माणसाचा करता येतो, माच एका माणसाचा होत नाही. त्याला ढोलकवाला हवा, सारंगी हवी, शेरमारखाँचे विनोदी सोंग घेणारा हवा, आणि मागे बसून टेक धरणारी चारदोन माणसे हवीत. ती कोठून यावयाची?

माचाचे आद्य गुरू म्हणून गुरु गोपालजींचे नाव घेतले जाते व त्यांचा संबंध भागसीपुऱ्याशी जोडला जातो. त्यांच्यानंतरचे, एकोणिसाव्या शतकातील सर्वांत ख्यातनाम गुरू म्हणजे जयसिंहपुऱ्याचे बालमुकुंदजी. ते माचाकडे कसे वळले याविषयी एक आख्यायिका माळव्यात सांगतात. बालमुकुंदजी एकदा भागसीपुऱ्यात माच पाहावयास गेले असता तेथे त्यांचा अपमान झाला. तो त्यांच्या जिव्हारी लागला, आणि त्यांनी जयसिंहपुऱ्यात आपला स्वतंत्र माच उभा केला. पुढे त्यांनी रचलेल्या खेळांनी गोपालजींची कीर्तीही झाकून टाकली. आख्यायिकेतील तपशील जसाच्या तसा खरा मानावा असा माझा आग्रह नाही. मात्र ती सांगताना लोक जे तात्पर्य काढतात, ते मला मुळीच पटत नाही. ‘बघा, अपमान झाला म्हणून तर एवढा मोठा गुरू निपजला!’ असे कौतुकाने म्हटले जाते. अपमानाने माणूस घडतो हा समज आपल्या नाटकमंडळ्यांत, तालीमखान्यांत आणि, सांगावयास संकोच वाटतो, पण आपल्या शाळांतही, फार खोल रुजलेला आहे. पण आख्यायिका लक्षात ठेवते ती परत येऊन आखाडा उभारणाऱ्या एकालाच. ज्यांचा अपमान झाला आणि जे मुकाट्याने घरी जाऊन झोपले, त्यांची आख्यायिका होत नाही. त्यांच्यातही कोणी उत्तम गळ्याचा असेल, कोणी हजरजबाबी असेल. त्यांची गणती कोण करणार?

येथे थोडे विषयांतर करतो. उज्जैनचे आपण मराठी लोक मुळात येथले नवागतच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांबरोबर मराठी माणसे माळव्यात आली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी अनेक कुटुंबे येथेच राहिली व हळूहळू इथली झाली. म्हणजे माच नावारूपाला आला आणि मराठी माणूस उज्जैनकर झाला, या दोन गोष्टी साधारण एकाच कालखंडातल्या. आज आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत पुण्याहून किंवा नागपुराहून नुकतेच बदलून आलेले एखादे कुटुंब मागच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेले दिसते, तेव्हा मला या इतिहासाची आठवण होते.

आता माचाच्या रचनेकडे वळू. राजा हरिश्चंद्र, राजा भरथरी, ढोला-मारूणी, हीर-रांझा असे कथाविषय माचात येतात. पण खेळास एकदम कथेने आरंभ होत नाही. प्रथम भिश्ती येतो. पखालीतले पाणी शिंपून तो जागा निववितो. मग फर्रासन येऊन बिछायत घालते. त्यानंतर चोबदार येऊन ललकारी देतो. देवतावंदन होते, आणि मग मुख्य पात्रे येऊन आपापली ओळख करून देतात. कथेच्या दृष्टीने भिश्ती व फर्रासन यांची काहीच आवश्यकता नाही. परंतु या सोंगांत नवखा मुलगा उभा राहिला तरी खेळाला धोका नाही, आणि तरीही तो मंचावर आलेला असतो, हजारो डोळ्यांसमोर आपल्या पायांनी चाललेला असतो. त्याने शिंपलेल्या पाण्यावरूनच राजा हरिश्चंद्र चालत येणार असतो! लहान काम म्हणजे क्षुल्लक काम नव्हे, हे शाळेतल्या मुलांना उपदेश करून पटत नाही. असे एखादे काम त्यांच्याकडून करवून घेतले की उपदेशाची गरजच उरत नाही.

याहूनही मोलाची मला वाटते ती टेकियांची जागा. माचाचे संवाद पद्यात असतात, त्यांना ‘बोल’ म्हणतात. मुख्य नट बोल म्हणतो आणि मंचावरच बसलेले टेकिये त्याची टेक उचलून धरतात. टेकिया कथेत कोणीच नसतो. ना राजा, ना दूत. पण त्याने टेक उचलली नाही तर नटाला श्वास घ्यावयास अवसर नाही, आणि बोल प्रेक्षकांच्या कानांत ठसत नाही. तो नटाच्या हाताच्या अंतरावर बसतो. त्याचे उच्चार, त्याची फिरत, प्रेक्षक बिथरले असता त्याने केलेली सारवासारव, हे सारे तो जवळून पाहतो. रात्रभर टेक धरून बसलेल्या मुलाला चार फाल्गुनांनंतर अख्खा खेळ मुखोद्गत झालेला असतो, आणि तोही असा की, कोणी कधी त्याला ‘पाठ कर’ म्हणून सांगितलेले नसते.

आपल्याकडील पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा राहणारा झीलकरी हा या टेकियाचा सख्खा भाऊ. कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहणारे, तमाशात ध्रुपद झेलणारे सुरत्ये, सारी एकाच गोत्राची माणसे. गंमत अशी की, भाषेने या मंडळींवर थोडा अन्यायच केला आहे. ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार आज आपण लाळघोटेपणा सुचविण्यासाठी वापरतो. स्वतःचे मत नसलेला, दुसऱ्याच्या मागे हो-हो करणारा, तो री ओढणारा. परंतु री ओढणे ही खुशामत होते ती आयुष्यभर तेवढेच केले तर! आरंभीची काही वर्षे री ओढणे यासारखी दुसरी शाळा नाही. तिच्यात नवख्याचा आवाज खेळाला हवा असतो, पण खेळाचा भार त्या आवाजावर नसतो. त्याला चुकण्याची मुभा असते, कारण शेजारचे तिघे बरोबर असतात. नवागताला द्यावयाची जागा ती हीच, असे माझे मत आहे. परीक्षा घेऊन दाराशी अडवू नये, व्याख्याने देऊन ताटकळत ठेवू नये, आणि सौजन्याच्या भरात त्याच्या खांद्यावर एकदम हरिश्चंद्रही देऊ नये. खेळ चालू असता खेळाच्या आतच, जाणत्याच्या शेजारी, ज्याची खरोखर गरज आहे असे लहानसे काम त्याला द्यावे.

अशी जागा नसली म्हणजे काय होते याचा एक अनुभव सांगण्याजोगा आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, गणेशोत्सवातील नाटकासाठी मी एका हौशी मंडळात गेलो. मंडळ जुने होते व मंडळींचा आपसांत मोठा लोभ होता. तालमीत प्रत्येक दोन वाक्यांमागे कोणीतरी मागच्या एखाद्या प्रयोगातील फजितीची आठवण काढी आणि सर्वजण पोट धरून हसत. मीही हसे, पण कशाला ते मला ठाऊक नसे. मला नोकराचे काम मिळाले होते. वाक्ये अवघी तीन. प्रयोगाच्या रात्री घरमालकाचे काम करणाऱ्या गृहस्थांनी संहितेत नसलेला एक विनोद आयत्या वेळी केला. तो त्या मंडळाच्या जुन्या आठवणींपैकीच एक असावा. पुढच्या रांगांत हशा उसळला. मी मात्र ट्रे हातात घेऊन ठोंब्यासारखा उभा राहिलो, आणि माझे वाक्य कोठे घालावयाचे ते मला कळेना. तेव्हा सासूचे काम करणाऱ्या वयस्क बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “अरे, तू का उभा? दारात कोण आलंय ते सांगायला आलास ना?” हे वाक्यही संहितेत नव्हते. पण त्याचे उत्तर म्हणजेच माझे वाक्य होते! मी ते म्हटले आणि नाटक पुढे सरकले. त्या घरमालकांनी मला जाणूनबुजून अडचणीत टाकले असे मी कधीच म्हटलेले नाही. नवखा मनुष्य आपल्या वर्तुळाबाहेर उभा आहे, याचे भानच वर्तुळातल्या माणसाला राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाईंना ते राहिले होते.

या प्रसंगातून एक भेद लक्षात येतो. माचाचे बोल रचलेले असतात, त्यामुळे तेथे नवख्याचे काम मुख्यतः पाठांतराचे व सुराचे. जेथे संवाद आयत्या वेळी सुचवून बोलावयाचे असतात, तेथे नवख्याची अडचण निराळीच असते. तिचा विचार करावयाचा तर माळवा सोडून कोकणात, सिंधुदुर्गाच्या जत्रांत जावे लागेल. तेथील दशावतारी खेळाला लिहिलेली संहिता नसते. त्या रात्री कोणते आख्यान लावावयाचे ते ठरले, की जाणता नट कथानकाचा सांगाडा सांगतो. कोणी कोणते सोंग घ्यावयाचे, कोणाच्या मागून कोणी यावयाचे ते ठरते. पुढचे सारे रंगभूमीवर. दोन राजे समोरासमोर आले की, त्यांचा वाद पुराणांच्या आधाराने, कोटीक्रमाने, कधी प्रेक्षकांचा कल पाहून वाढत जातो. मराठी रंगभूमीचा उगमही याच पद्धतीत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि भाषणे पात्रांनी आपापल्या बुद्धीने करावयाची असत. दूर इटलीत ‘कोमेडिया देल्लार्ते’ नावाच्या फिरत्या मंडळ्याही सांगाड्यावरच खेळ उभा करीत; फ्लामिनिओ स्काला या नटाने असे पन्नास सांगाडे १६११ साली छापून काढले. वाचावयास ते रुक्ष वाटतात, कारण त्यांचे रक्तमांस नटांच्या जिभेवर होते.

अशा खेळात नवख्याला बोलता येत नाही म्हणून तो पडत नाही. बहुधा तो पडतो तो जास्त बोलल्यामुळे. त्याला वाटते, येथे वाक्ये नेमून दिलेली नाहीत, म्हणजे वाटेल ते बोलण्यास आपण मोकळे आहोत. पण समोरच्या राजाने ‘माझी कन्या अजून उपवर झालेली नाही’ असे म्हटले असेल, तर तिच्या स्वयंवराचे निमंत्रण आल्याचे याला सांगता येत नाही. लिहिलेली संहिता नाही याचा अर्थ बंधन नाही असा नव्हे. उलट, उच्चारलेला प्रत्येक शब्द त्या क्षणीच संहिता होतो व सर्वांवर बंधनकारक ठरतो. हे नवख्याला नियम म्हणून सांगता येईल, पण अंगी बाणेल ते ऐकण्याने. म्हणून उत्स्फूर्त संवादाची पहिली विद्या बोलण्याची नसून ऐकण्याची आहे. आणि तिची दुसरी बाजू जाणत्याकडे असते. नवख्याने चुकून काही विसंगत बोलले, तर ‘असे नाही’ म्हणून त्याला रंगभूमीवर उघडे पाडावयाचे नसते. ‘राजन्, शत्रूच्या हेरांनी आपल्याला खोटी वार्ता दिलेली दिसते’ असे म्हणून ती चूक कथेच्याच पोटात घालावयाची असते. प्रेक्षकांना वाटते, कथेला काय नामी वळण मिळाले! नवख्याला मात्र कळते की आपण पडता पडता झेलले गेलो, आणि ती रात्र तो जन्मभर विसरत नाही.

दशावतारातही आख्यानाआधी पूर्वरंग असतो. गणपती येतो, त्याच्यासोबत ऋद्धिसिद्धी असतात; शारदा येते; वेद पळविणारा संकासुर येऊन हसवितो व विष्णूकडून मारला जातो. भरताने नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय पूर्वरंगासाठी खर्ची घातला आहे, तो उगाच नव्हे. विद्वानांनी पूर्वरंगाचे धार्मिक प्रयोजन पुष्कळ सांगितले आहे. मला त्यात आणखी एक प्रयोजन दिसते : पूर्वरंग हे नवागताचे दार आहे. रोज तोच गणपती, रोज तीच शारदा. ज्याने मागचे खेळ पाहिलेले नाहीत तोही येथून आत येऊ शकतो, कारण येथे मागचे काही ठाऊक असावे लागत नाही. मग तो नट असो वा प्रेक्षक. वेळ पुरत नाही, प्रेक्षक कंटाळतात, या कारणांनी आता अनेक ठिकाणी पूर्वरंग आटोपता घेतला जातो. कारणे खोटी नाहीत. पण घराची ओसरी काढून टाकली म्हणजे नुसती जागा वाचते असे नव्हे. परक्याला टेकावयाचे ठिकाणही जाते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, मोठ्या नटांचे प्रवेश काही ओसरीवरून झालेले नाहीत. आक्षेप रास्त आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीची नायिकाच गेली. पुढे १९०५ साली नारायण राजहंस मंडळीत आले आणि मिरजेस त्यांनी पहिलीच भूमिका केली ती शकुंतलेची. झीलकऱ्याची पायरी नाही, भिश्तीची नाही. एकदम शाकुंतलाची नायिका! परंतु हा अपवाद नीट पाहिला पाहिजे. त्यांना तालीम देणारे गोविंद बल्लाळ देवल हे स्वतः अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली घडलेले. म्हणजे १८८० साली ज्या गुरूने शाकुंतल रंगभूमीवर आणले, त्याचाच शिष्य या मुलामागे उभा होता. नवागताला मोठी जागा द्यावयाची असेल तर त्याच्यामागे तितकाच मोठा जामीन उभा राहावा लागतो. पुष्कळ मंडळ्या पहिली गोष्ट करतात, दुसरी करावयास विसरतात, आणि मग नवख्याच्या नावाने बोटे मोडतात.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या नाटकमंडळ्या नवागतांचे स्वागत करीत होत्या हे खरे, पण कोणत्या नवागतांचे? स्त्रियांची सोंगे पुरुषांनी घ्यावयाची हा माचाचा जसा नियम, तसा आपल्या व्यावसायिक रंगभूमीचाही फार काळ होता. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढली. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा त्या गोष्टीचा केवढा गवगवा झाला! दार उघडले की आत घेण्याची रीत सांगता येते. दारच नसेल तर रीतीच्या गोष्टी व्यर्थ होत. बोहाड्यासारख्या उत्सवातही अनेक गावी ठराविक सोंगे ठराविक घराण्यांतच चालत येतात. त्यात परंपरेचे जतन आहे हे मान्य. पण घराण्यात मुलगा उरला नाही तर ते सोंग कोणी घ्यावयाचे, हा प्रश्न परंपरेला आज ना उद्या विचारावाच लागतो.

नवागताचेही काही कर्तव्य आहे. येथून जवळच, देवासला, १९४८ च्या सुमारास कुमार गंधर्व राहावयास आले ते क्षयाने खंगलेले, गाणे बंद पडलेले. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्यातील लोकगीते ऐकली. रस्त्याने जाणाऱ्या बायाबापड्यांचे गाणे ऐकले, टिपून घेतले, त्यातील सुरांचा विचार केला. अखिल भारतात बालपणीच कीर्ती मिळविलेला गवई माळव्यात मात्र आधी श्रोता झाला, आणि पुढे गाऊ लागला तेव्हा माळवा त्याच्या गाण्यात उतरला होता. नव्या मंडळीत येताच आपला पूर्वीचा लौकिक सांगू लागणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आजची तरुण मंडळी सोंगे घेण्याचा एक नवाच प्रकार खेळतात, त्याचाही येथे उल्लेख करावयास हवा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एकजण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णितो, इतर आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. १९७८ साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व त्याच्यामागून रिचर्ड बार्टल यांनी संगणकावर असे एक कल्पित जग रचले, की दूरदूरचे खेळाडू त्यात एकाच वेळी वावरू शकत. आता जगाच्या पाठीवर ठिकठिकाणी अशा मंडळ्या आहेत. त्यांतील माणसे एकमेकांना कधी पाहत नाहीत. केवळ संवाद लिहून एक कथा वर्षानुवर्षे पुढे नेतात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण यात रमतात, म्हणून मी कुतूहलाने विचारपूस केली. ते सांगतात त्यावरून अडचण ओळखीचीच आहे, फक्त अधिक तीव्र. माच पहाटे संपतो, दशावतार दहीकाल्याने संपतो. दुसऱ्या रात्री पुन्हा गणपती. या लेखी खेळाला पडदाच पडत नाही. त्यामुळे येणारा प्रत्येकजण मध्येच येतो. त्याच्यापुढे चार वर्षांचा मजकूर, शंभर पात्रे आणि त्यांची वैरे-मैत्र्या पसरलेल्या असतात, आणि ‘आधी हे सारे वाचून ये’ असे त्याला सांगितले जाते. बहुतेकजण परत येत नाहीत. एका मुलीच्या मंडळीने मात्र निराळे केले. कथेत त्यांनी एक धर्मशाळा बांधली. नव्या पात्राने तेथे मुक्कामाला यावयाचे. कोणीतरी जुने पात्र तेथे रात्रीच्या जेवणाला असतेच, ते त्याला वाट विचारते किंवा सांगते, आणि सकाळी दोघे मिळून निघतात. आपण पूर्वरंग बांधला आहे, हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा ती हसली.

जामिनाचा विषय वर निघाला, त्यासंबंधी आपल्याच नगरीचे एक स्मरण. कालिदास आज आपल्याला नाट्याचा कुलपुरुष वाटतो. १९५८ पासून त्याच्या नावाने येथे समारोह भरतो. पण ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत हाच कालिदास नवखा म्हणून उभा आहे. वसंतोत्सवासाठी त्याचे नाटक करावयाचे ठरते, तेव्हा पारिपार्श्वक शंका काढतो, की भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारख्या प्रथितयश कवींच्या कृती असताना या आजकालच्या कवीचा एवढा मान कशाला? त्यावर दिलेले उत्तर शिक्षकवर्गास पाठच आहे. केवळ जुने म्हणून काही चांगले ठरत नाही, असा त्याचा आशय. वर्गात शिकविताना आपण त्या उत्तराचीच महती गातो. ते उत्तर देतो कोण, याकडे मात्र माझे फार उशिरा लक्ष गेले. ते कालिदास स्वतः देत नाही. तो रंगभूमीवर येतच नाही. उत्तर देतो सूत्रधार. मंडळीतला सर्वांत जुना, ज्याचा शब्द चालतो असा माणूस. आणि तो हे पडद्याआड कुजबुजत नाही, भर सभेत सांगतो.

शाळेच्या नाट्यमंडळात मुले घेताना आम्ही पूर्वी चाचणी घेत असू. एक उतारा वाचावयास द्यावयाचा, आवाज ऐकावयाचा, चाळिसांतून दहा निवडावयाचे. गेल्या तीन वर्षांपासून ती बंद केली. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी एक छोटा वग बसविला, त्यात नवी सारी मुले टेक धरावयास बसविली, दोन नव्यांच्या मध्ये एक जुना अशी. सातवीतला एक मुलगा पहिले आठ दिवस नुसते ओठ हलवीत होता. शेजारच्या दहावीतल्या मुलाला मी तसे मुद्दाम सांगितले, पण ‘त्याला काही बोलू नकोस’ असेही बजावले. नवव्या दिवशी राजाचा बोल संपण्यापूर्वीच, अर्धी मात्रा आधी, त्या सातवीतल्या मुलाने एकट्याने टेक उचलली. सारे थबकले. तो लाजून गप्प होणार, इतक्यात दहावीतल्या मुलाने त्याच ठिकाणाहून टेक धरली, बाकीच्यांनी ती झेलली, आणि ढोलकीवाल्या मुलाने ठेका अर्धी मात्रा पुढे ओढून घेतला. प्रयोगातही आम्ही ती तेथूनच उचलली.